इन्सुलिन टोचण्याची सुरक्षित पद्धत

इन्सुलिन त्वचेखालच्या चरबीच्या थरात टोचले जाते. सुई स्नायूत गेली तर औषध लवकर रक्तात उतरते आणि साखर एकाएकी घसरू शकते. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहावरच्या देशव्यापी अभ्यासाच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले.

बाटली आणि सिरिंज. सर्वांत घातक चूक इथेच होते. भारतात बहुतेक बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. १०० युनिटच्या औषधाला नारिंगी टोपणाची. परदेशात १०० युनिटचीच रीत असल्याने आखातातून किंवा बोटीवरून सुटीवर आलेल्या माणसाच्या सामानातली सिरिंज गोव्यातल्या घरात सहज मिसळते. नारिंगी सिरिंजने ४०च्या बाटलीतून २० खुणेपर्यंत औषध ओढले तर मिळतात फक्त ८ युनिट. लाल सिरिंजने १००च्या बाटलीतून ओढले तर ५०. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवून पाहावा. इन्सुलिन टोचायच्या पेनच्या काडतुसातून (पेनमधल्या औषधाच्या नळीतून) सिरिंजने औषध काढू नये; ते सहसा १०० युनिटचे असते.

टोचणे. हात साबणाने धुवावेत. त्वचा स्वच्छ असेल तर स्पिरिट लागत नाही. लावलेच तर पूर्ण वाळू द्यावे, नाहीतर झोंबते. दुधाळ इन्सुलिन तळहातांत दहा वेळा घोळवून दहा वेळा उलटसुलट करावे. जोरात हलवल्यास बुडबुडे होतात आणि मात्रा चुकते. डॉक्टरांनी दोन प्रकार एकत्र घ्यायला सांगितले असतील तर सिरिंजमध्ये आधी पाण्यासारखे स्वच्छ इन्सुलिन ओढावे, मग दुधाळ. ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन मात्र कशातही मिसळत नाहीत. पेनची नवी सुई लावल्यावर २ युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का ते पाहावे.

४ मिमीची सुई प्रौढांत सरळ ९० अंशांत, बहुधा चिमूट न घेता टोचता येते. सिरिंजच्या लांब सुईला अंगठा व तर्जनीने त्वचेची हलकी चिमूट घ्यावी; मूठभर धरल्यास स्नायूही वर येतो. पेनचे बटण पूर्ण दाबून दहापर्यंत मोजावे, मग सुई काढावी. जागा चोळू नये.

गाठी. त्याच जागी टोचत राहिल्यास चरबीच्या मऊ गाठी होतात. तिथे दुखत नाही म्हणून रुग्णाला तीच जागा आवडते, पण गाठीतून औषध नीट शोषले जात नाही, आणि साखर का हेलकावते ते कळत नाही. पोटाचे चार भाग करून दर आठवड्याला भाग बदलावा, बेंबीपासून दोन बोटे दूर राहावे आणि दोन टोचण्यांत किमान १ सेंमी अंतर ठेवावे. गाठ सोडून निरोगी त्वचेत टोचू लागल्यावर औषध जास्त लागू पडते. म्हणून मात्रेबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे.

साठवण. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसला, बर्फाच्या कप्प्यापासून दूर. गोठलेले टाकून द्यावे. वापरातली बाटली थंड खोलीत साधारण २८ दिवस चालते. फ्रीज नसेल तर इन्सुलिन ओल्या मडक्यात ठेवण्याचा उपाय कोरड्या मुलुखात चांगला. गोव्याच्या दमट हवेत पाणी हळू उडते, त्यामुळे मडके फारसे थंड होत नाही. वीज गेली तर फ्रीज उघडू नये.

सुया. पेन दुसऱ्याला देऊ नये, सुई बदलूनही नाही. काडतुसात रक्त मागे शिरू शकते. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या झाकणवाल्या डब्यात टाकावी. २०१६च्या घनकचरा नियमांत ती घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत गेली तर पंचायतीच्या सफाई कामगाराच्या हातात घुसते.