दोन जादूच्या कांड्या आणि त्यांचा कायमचा घोळ

ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलमधली हॅरी पॉटरची कांडी आणि ग्रेट वुल्फ लॉज या हॉटेलांमधल्या ‘मॅजिक्वेस्ट’ खेळाची कांडी एकच, असं धरून चालणारे आईबाबा काही कमी होत नाहीत. न्यू जर्सी, डॅलस, बे एरिया, जिथे म्हणून मराठी घरं आहेत तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर हे संवाद ठरलेले. ‘आमच्याकडे पोकोनोजच्या ग्रेट वुल्फची कांडी आहे, ऑर्लँडोला तीच चालेल ना?’ ‘ऑर्लँडोची घेतलीये, मग मॅजिक्वेस्टला परत दुसरी कशाला?’ आणि परत आल्यावर: ‘एवढे पैसे घातले, पण त्यात खेळ असा काही नव्हताच.’ पैसे वाया गेलेले नसतात. एका वस्तूकडून दुसरीचं काम मागितलेलं असतं.

इथली कांडी तिथे चालत नाही, हे पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर. तिसऱ्या तक्रारीसाठी मात्र जरा खोलात जावं लागतं.

युनिव्हर्सलची कांडी बहुतेकांच्या ओळखीची असते, म्हणून ती चटकन उरकते. ८ जुलै २०१४ ला फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये डायगॉन ॲली, म्हणजे हॅरी पॉटरच्या गोष्टीतली जादूगारांची बाजारपेठ, उघडली, तेव्हापासून या चालणाऱ्या कांड्या आल्या. शेजारच्या पार्कमधल्या हॉग्समीड या त्याच गोष्टीतल्या गावातही त्या चालतात. कांडीबरोबर नकाशा मिळतो. नकाशातल्या जागी जमिनीत धातूची चकती बसवलेली असते, तिच्यावर कांडी कशी फिरवायची त्याची आकृती कोरलेली असते. चकतीवर उभं राहायचं, दुकानाच्या खिडकीकडे तोंड करायचं आणि ती आकृती हवेत काढायची. जमली की आतलं काहीतरी हलतं, उजळतं, वाजतं. डायगॉन ॲलीतल्या नॉकटर्न ॲली या अंधाऱ्या गल्लीच्या काळोखात जांभळ्या दिव्याखाली तोच नकाशा धरला तर एरवी न दिसणाऱ्या खुणा त्यावर उमटतात. ते बघायचं बरेच जण विसरतात आणि नकाशा बॅगेत घालून बाहेर पडतात. मुलांना तेवढं नक्की दाखवा.

आता मॅजिक्वेस्ट. हा खेळ क्रिएटिव्ह किंग्डम्स या कंपनीने काढला आणि २००५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचला तो पहिल्यांदा सुरू झाला. म्हणजे युनिव्हर्सलच्या कांडीच्या नऊ वर्षं आधी. पुढे २०१० मध्ये ग्रेट वुल्फने त्या कंपनीत मोठा वाटा घेतला. आज आपल्याकडची मुलं हा खेळ खेळतात ती बहुतेक ग्रेट वुल्फच्या हॉटेलांमध्येच: पेनसिल्व्हेनियातलं स्कॉटरन, टेक्ससमधलं ग्रेपव्हाइन, व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग. वॉटरपार्क असलेलं मोठं हॉटेल आणि त्याच्या मजल्यामजल्यांवर पसरलेला हा खेळ. कॉरिडॉरमध्ये पेट्या, भिंतींवर बोलणारी चित्रं, कोपऱ्यात स्फटिक, पुतळे. मुलाची कांडी सुरुवातीलाच त्याच्या नावाने नोंदवली जाते. मग पडद्यावरचं एक पात्र त्याला कामगिरी देतं, सोबतच्या पुस्तकात कोड्यासारखे इशारे असतात, त्यावरून एकेक वस्तू हुडकायची आणि तिच्यावर कांडी झटकायची. सगळ्या वस्तू सापडल्या की परत येऊन एक रून, म्हणजे जादूचं चिन्ह, मिळवायचा. असे पुरेसे रून गाठीला असतील तरच पुढच्या मोठ्या साहसांना हात घालता येतो. ड्रॅगनशी सामना करायचा असेल, तर त्याआधीची सगळी वणवण केलेली असावी लागते.

इथपर्यंत वाचून ‘म्हणजे एक सोपा आणि एक अवघड, इतकाच फरक’ असं वाटत असेल तर थांबा. फरक तो नाही. मूल कांडी फिरवतं तेव्हा समोरच्या यंत्राला काय कळतं, हा खरा प्रश्न. ‘कुणीतरी आलंय’ एवढंच कळतं, की ‘कोण आलंय’ तेही कळतं?

मॅजिक्वेस्टच्या कांडीत बॅटरी असते, हालचाल ओळखणारा भाग असतो आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसा इन्फ्रारेड दिवा असतो. कांडी झटकली की ती त्या दिव्यातून दोन गोष्टी पाठवते: स्वतःचा क्रमांक आणि झटका किती जोराचा होता त्याचा आकडा. हे गुपित राहिलेलं नाही. घरी इलेक्ट्रॉनिक्सचे उद्योग करणाऱ्यांनी ती भाषा केव्हाच उलगडलीये. आर्डुइनो या हौशी लोकांच्या छोट्या सर्किट बोर्डावर रिमोटचे संदेश वाचण्यासाठी जी आयआररिमोट नावाची तयार प्रोग्रॅमची लायब्ररी सर्रास वापरतात, तिच्यात टीव्ही-एसीच्या रिमोटांच्या पंगतीत मॅजिक्वेस्टची कांडीही आहे. पेटीला तो क्रमांक मिळतो, पेटी तो मुख्य संगणकाला कळवते आणि तिथे तुमच्या मुलीच्या खात्यात नोंद पडते. पेटी उघडली, इतकी नाणी मिळाली, या कामगिरीतली तिसरी वस्तू सापडली. पुढच्या पडद्यासमोर ती उभी राहते तेव्हा पडद्यावरचं पात्र तिला नावाने हाक मारतं आणि कुठवर आलीस ते सांगतं. स्मरणशक्ती संगणकाची, कांडी म्हणजे तिथे पोचलेली ओळख.

युनिव्हर्सलच्या मूळ कांडीत यातलं काहीच नाही. बॅटरी नाही, दिवा नाही, क्रमांक नाही. टोकाला एक छोटा मणी आहे आणि तो प्रकाश जिथून येतो तिकडेच परत पाठवतो. रात्री गाडीचा झोत पडल्यावर रस्त्यावरच्या पाट्या लखलखतात, ते हेच तंत्र. खिडकीमागे इन्फ्रारेड प्रकाश आणि कॅमेरा लपवलेला असतो. कॅमेऱ्याला काळ्या पटावर एक तेजस्वी ठिपका दिसतो, ठिपका कसा फिरला ते तो टिपतो, आणि ती रेघ अपेक्षित आकृतीशी जुळली की खिडकीतली कळ चालू होते. ठिपक्याला नाव नसतं. तुमच्या मुलाचा ठिपका, त्याच्या मागच्या मुलाचा ठिपका, काल येऊन गेलेल्या मुलाचा ठिपका, कॅमेऱ्याला सगळे सारखे. मग खात्यात नोंद कशी पडणार? नोंद नाही, म्हणून पुढची पायरी नाही. आणि पायरी नाही म्हटल्यावर मोहीमही नाही. प्रत्येक खिडकी स्वतःपुरती पूर्ण आहे. पहिली खिडकी करा किंवा शेवटची आधी करा, काही बिघडत नाही आणि काही साठतही नाही.

‘पण नव्या कांडीला तर दिवा आहे!’ हो. २०२५ मध्ये, युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क उघडलं त्याच वर्षी, फ्लोरिडात दुसऱ्या पिढीची कांडी आली. तिचं टोक उजळतं आणि मंत्र जमला की हातात थरथर जाणवते. वस्तू छान आहे. तरी खिडक्यांना क्रम आलेला नाही, आणि एक खिडकी केली म्हणून दुसरी उघडते असंही होत नाही. हातातला अनुभव सुधारला म्हणजे खेळाचा ढाचा बदलला असं नव्हे.

म्हणून ‘दोन्ही क्वेस्टच (शोधमोहिमाच) आहेत’ हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. ज्यात मूल कुठवर पोचलं याची नोंद राहते आणि त्यावरून पुढचा रस्ता उघडतो, ती मोहीम. बाकीच्याला देखावा म्हणा, गंमत म्हणा, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. चार वर्षांच्या मुलाला क्रम, इशारे, रून यातलं काही नको असतं. त्याला कांडी फिरवल्यावर खिडकीतली वस्तू हललेली बघायची असते. दहा वर्षांच्या मुलीला तिसऱ्या खिडकीपाशी प्रश्न पडतो, ‘मग पुढे काय?’ त्याला तिथे उत्तर नसतं. ‘खेळ असा काही नव्हताच’ ही तक्रार येते ती या वयाच्या मुलांच्या घरातून.

भावंडांचं गणितही यावरच ठरतं. युनिव्हर्सलमध्ये दोघांत एक कांडी बिनदिक्कत घ्या. एका खिडकीपाशी ताई, पुढच्या खिडकीपाशी दादा, कुणाचं काही बुडत नाही. मॅजिक्वेस्टमध्ये एक कांडी म्हणजे एक नाव. पात्र हाक मारतं ते एकालाच, नाणी जमतात ती एकाच्याच नावावर, आणि दुसरं पोर अर्ध्या तासात रडकुंडीला येतं. दोन मुलं जोडीने खेळणारी, समजूतदार असतील तर एका कांडीत भागतं, नाहीतर दोन घ्या. इथे काटकसर करून काही साधत नाही, भांडणं तेवढी पदरात पडतात.

वेळेचंही तसंच. युनिव्हर्सलची खिडकी रांगा आणि जेवण यांच्या मधल्या दहा मिनिटांत उरकता येते. मॅजिक्वेस्ट तसा उरकत नाही. ‘वॉटरपार्कमधून आल्यावर बघू’ म्हणून रात्री आठला सुरू केलं तर मूल दमलेलं आणि कामगिरी अर्धवट, असा प्रकार होतो. मुक्काम दोन रात्रींचा असेल तर पहिल्याच दुपारी कांडी नोंदवा, जिने चढउतार करण्याची तयारी ठेवा आणि मुलांना पायात बूट घालायला लावा.

हात कसा फिरवायचा, यातही घरोघरी एकच चूक. मॅजिक्वेस्टची सवय झालेलं मूल युनिव्हर्सलच्या खिडकीपुढे दांडपट्टा फिरवतं आणि काहीच होत नाही. मॅजिक्वेस्टला झटका हवा, आकाराशी त्या कांडीला देणंघेणं नाही. युनिव्हर्सलला आकार हवा आणि तोही छोटा. कॅमेऱ्याला दिसणारी जागा बेताचीच असते, मोठा हात केला की ठिपका चित्राबाहेर गेलाच. टोक खिडकीकडे रोखून क्षणभर स्थिर धरायचं, मग कोपर अंगाशी ठेवून नुसत्या मनगटाने सावकाश आकृती काढायची. टोकाला आइसक्रीमची बोटं लागलेली असतील तर आधी पुसायचं. एवढं केलं की बहुतेकांचं जमतं. आणि कृपा करून मुलाच्या हातातून कांडी काढून घेऊन ‘बघ, असं कर’ म्हणत स्वतः करून दाखवू नका. मागे रांग असली तरी नका. पाच वर्षांचं पोर तिसऱ्या प्रयत्नात जेव्हा स्वतः दिवा लावतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासाठीच आपण तिथे गेलेलो असतो.

आता नोंद राहते का आणि त्यावरून पुढचा रस्ता उघडतो का, हीच कसोटी इतर खेळांना लावून बघा. सुपर निन्टेन्डो वर्ल्ड या मारिओ व्हिडिओगेमच्या दालनातला मनगटी पट्टा युनिव्हर्सलच्याच पार्कात मिळतो, म्हणून लोक त्याला कांडीच्या गटात टाकतात. चूक. ओसाकात २०२१ ला आणि हॉलिवूडमध्ये २०२३ ला ही दालनं उघडली. तिथे पट्टा ठोकळ्याला टेकवला की नाणी तुमच्या नावावर जमतात, आणि तीन किल्ल्या मिळवल्याशिवाय बाउझर ज्युनिअर या खलनायकाशी लढाईला आत घेत नाहीत. नोंद आहे, पायरी आहे, कुलूप आहे. पट्टा मॅजिक्वेस्टच्या घराण्यातला. डिस्नेच्या मॅजिक किंग्डममधला सॉर्सरर्सचा खेळ २०१२ ला सुरू झाला आणि २०२१ च्या जानेवारीत बंद झाला. त्यात ओळख पटवणं आणि मंत्र टाकणं ही दोन कामं चक्क दोन वेगळ्या कार्डांवर वाटलेली होती. एक किल्लीचं कार्ड ‘कोण’ ते सांगायचं आणि मंत्रांची कार्डं कॅमेऱ्यापुढे धरायची. तो खेळ पार्कच्या तिकिटात फुकट होता आणि तो बंद केल्याचं मला अजून वाईट वाटतं. बसून बंदूक चालवायच्या राइड, जशी खोपोलीच्या इमॅजिकातली अलिबाबाची, या तिसऱ्याच. गुण मिळतात, पण गाडीतून उतरलात की खेळ आटोपला.

किंमत, कांडीचा आकार, डबी कशी आहे, या फरकांवर मी शब्द खर्च करणार नाही. एक मात्र बोलायलाच हवं. मॅजिक्वेस्टमध्ये कांडीचे पैसे वेगळे आणि खेळ चालू करण्याचे वेगळे. जुनी कांडी पुढच्या खेपेला चालते, खेळाचे पैसे मात्र पुन्हा भरावे लागतात. काउंटरवर हे ऐकून वाद घालणारे दरवेळी दिसतात.

मला स्वतःला विचाराल तर या सगळ्यांच्या वर मी डिस्नेच्या ॲनिमल किंग्डम पार्कमधला वाइल्डरनेस एक्सप्लोरर्स हा खेळ ठेवते. २०१३ पासूनचा, फुकट, आणि बॅटरीबिटरी काही नाही. मुलाला एक पुस्तिका मिळते. पार्कभर ठिकठिकाणी माणसं उभी असतात, ती प्राण्यांबद्दल काही दाखवतात, विचारतात, एखादा आवाज काढायला लावतात, आणि मग पुस्तिकेत बिल्ल्याचं स्टिकर चिकटतं. बिल्ले भरपूर आहेत. नोंद इथेही आहे, फक्त ती कागदावर आहे. डिस्नेच्याच एपकॉट पार्कमधला डकटेल्स कार्टूनचा खेळ २०२२ च्या डिसेंबरपासून आहे, त्यातही मोहीम नीट आहे. पण तो फोनवर चालतो, आणि मूल भोवतीचं सोडून बाबांच्या फोनमध्ये मान घालून चालतं, ते मला पटत नाही. अनोळखी मोठ्या माणसाशी नजर मिळवून बोलायला लाजणारं मूल पाचव्या स्टिकरपर्यंत स्वतःहून पुढे होऊन ‘मला विचारा ना’ म्हणायला लागतं, ते पुस्तिकेमुळेच.

ग्रेट वुल्फला निघणार असाल आणि घरात मॅजिक्वेस्टची जुनी कांडी पडलेली असेल, तर ती बॅगेत टाका आणि पोचल्यावर आधी काउंटरवर तिची बॅटरी तपासून घ्या. ऑर्लँडोची तिथे नेऊ नका.