निम्मी क्षमता म्हणजे निम्मी वीज नव्हे

जुलै २०२५ मधे सरकारने सांगितलं की देशातल्या वीजप्रकल्पांची निम्मी क्षमता आता कोळसा, गॅस, डिझेल सोडून बाकीच्यांची झालीय, म्हणजे सोलर, वारा, पाणी, अणू वगैरे. २०३० चं टार्गेट पाच वर्षं आधीच गाठलं, मला मनापासून आनंद झाला. पण आमच्या फॅमिली ग्रुपवर तीच बातमी "आता निम्मी वीज कोळशाशिवाय" अशी फिरली आणि गल्लत तिथेच होते.

क्षमता मेगावॉटमधे मोजतात, प्रकल्प पूर्ण जोरात चालला तर किती देईल ते. निर्मिती म्हणजे प्रत्यक्षात पडलेले युनिट. आमच्या गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर आहे, ते चोवीस तास फुल चाललं असतं तर ७२ युनिट झाले असते, पण चांगल्या उन्हाच्या दिवशी अ‍ॅपवर १२ च्या आसपास दिसतात, आणि पावसाळ्यात आभाळ भरलं की ४ सुद्धा होत नाहीत. कोळशाचा संच मात्र रात्री पण चालतो, म्हणून १ मेगावॉट कोळसा वर्षभरात १ मेगावॉट सोलरच्या साधारण तिप्पट-चौपट युनिट देतो. त्यामुळे क्षमता निम्मी-निम्मी असली तरी देशातले ७० टक्क्यांच्या आसपास युनिट अजून कोळशाचेच आहेत.

आणि वेळेचा प्रश्न वेगळाच. संध्याकाळी सात वाजता अ‍ॅपवर शून्य येतं आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, एसी सगळं एकदम चालू होतं. ग्रिडमधे, म्हणजे देशभरच्या वीजतारांच्या जाळ्यात, वीज साठून राहत नाही, त्या क्षणाला जेवढी मागणी तेवढीच निर्मिती लागते, नाहीतर ग्रिडची ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला ५० आवर्तनं) ढळते.

म्हणून मला वाटतं नुसते मेगावॉट मोजण्यापेक्षा दुपारची वीज संध्याकाळपर्यंत कशी नेणार हे विचारायला हवं. बॅटरी आहेच, पण आपल्या सह्याद्रीत घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, कड्याच्या वर एक धरण, खाली कोकणाच्या बाजूला दुसरं. मागणी कमी असताना खालचं पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. यात चढवायला लागते त्यापेक्षा कमी वीज परत मिळते, साधारण पाव भाग जातोच, पण दुपारी जास्तीची सोलर वीज बंद करून टाकण्यापेक्षा ते कितीतरी बरं.