चावी, तीन सेकंद आणि गेलेली किक

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की गोव्यात म्हापसा, डिचोली, फोंड्यातल्या गॅरेजांत एकच तक्रार ऐकू येते: सेल्फ घेत नाही. जूनपासून ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या भाड्याच्या दुचाकी असतात, जहाजावर नोकरीला गेलेल्या तारवट्यांच्या घरी पडून राहिलेल्या असतात. बहुतेकींचं इंजिन ठणठणीत असतं, बसलेली असते ती बॅटरी. एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनची, गाडी सुरू करण्याच्या ‘योग्य’ सवयींची एवढी चर्चा होते, तिचं मूळ इथे आहे.

मोटारसायकलला इंधन इंजेक्शन तसं जुनं. जपानी आणि जर्मन मोठ्या गाड्यांत ते १९८० नंतरच्या चार-पाच वर्षांत आलं. आपल्याकडे २००६ मध्ये ग्लॅमर आणि २००७ मध्ये पल्सर २२० एफआय होऊन आल्या. मात्र २००९ मध्ये त्याच पल्सर २२०ला पुन्हा कार्बोरेटर, म्हणजे विजेशिवाय हवा-पेट्रोल मिसळणारा जुना भाग, बसवला गेला. ताकद किंचित वाढली, किंमत उतरली आणि गिऱ्हाईक खूश झालं. एफआय म्हणजे महागडं लचांड, हे मत तेव्हा पक्कं झालं, ते पुढे दहा वर्षं टिकलं.

मग १ एप्रिल २०२० उजाडला. बीएस-६ हे धुराचं नवं मानक लागू झालं आणि बीएस-४ गाड्यांची विक्री न्यायालयाच्या आदेशाने थांबली. धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरला हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास लागतं. साध्या कार्बोरेटरला ते सतत सांभाळता येत नाही. एकदोन स्वस्त गाड्यांनी इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटरवर निभावून नेलं, बाकी सगळ्या एफआय झाल्या. चोकची दांडी गेली, पेट्रोलचा कॉक आणि त्यावरचा रिझर्व्ह गेला.

आणि किकही गेली. सगळ्या गाड्यांची नाही; रोजच्या वापराच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ती अजून आहे. पण जिच्या किकचा सोहळा असायचा, इंजिनातला दाब सोडणारी डीकॉम्प्रेशनची दांडी दाबून अँपियरचा काटा मध्यावर आणायचा आणि मग पाय मारायचा, त्या रॉयल एनफिल्ड घराण्यातली क्लासिक ३५० सुद्धा २०२१ मध्ये किकशिवाय आली. समर्थन असं दिलं जातं की एफआयमध्ये बॅटरी मेली तर किक मारूनही उपयोग नाही, कारण पेट्रोलचा पंप आणि ईसीयूला (इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या छोट्या संगणकाला) वीज लागतेच. हे अर्धंच खरं आहे. बॅटरी पूर्ण मेली असेल तर बहुतेक गाड्यांत किकही हात टेकते. पण बॅटऱ्या सहसा एका रात्रीत मरत नाहीत, आधी अर्धमेल्या होतात. सेल्फच्या मोटरला दहा-दहा अँपियरचे कित्येक घास लागतात, पंपाला दोन-तीन अँपियर पुरतात. सेल्फचा भार पायाने उचलला, तर उरलेल्या विजेवर पंप आणि ठिणगी चालते. म्हणून अर्धमेल्या बॅटरीवर किकची गाडी घरी पोचवते आणि बिनकिकची उतार शोधते. वजन आणि खर्च वाचवण्यासाठी किक काढली असं सरळ सांगितलं असतं, तर कोणी एवढं बोललं नसतं.

किक गेली तरी हातांच्या सवयी मात्र कार्बोरेटरच्याच राहिल्या. चावी फिरवल्याबरोबर बटण दाबायचं, दाबताना रेस द्यायची, मग उभ्याउभ्या इंजिन तापवायचं. एफआयमध्ये चावी फिरवली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद घुमतो आणि नळीत दाब तयार करतो. तेवढ्यात इंजिनाच्या चिन्हाचा पिवळा दिवाही पेटतो. पंपाचा आवाज थांबला की रेस न देता बटण दाबायचं. इंजिन किती थंड आहे हे सेन्सर सांगतो, जादा पेट्रोल ईसीयू स्वतः सोडतो. त्यात मुठीची ढवळाढवळ नको. इंजिन चालू झाल्यावरही पिवळा दिवा विझला नाही, तर मात्र गॅरेज गाठावं. तापवण्याची सवय थंड मुलखातली. पणजीत जानेवारीतही पहाटेचा पारा २० अंशांच्या आसपास असतो. अर्धा मिनिट थांबून पहिले एक-दोन किलोमीटर सौम्य चालवली की पुरे.

हँडलवरचा इंजिन बंद करणारा लाल किल-स्विच बंद असेल तर बऱ्याच गाड्यांत पंप घुमतच नाही, आणि ‘पंप गेला’ म्हणून गाडी टेम्पोत चढते. उलट किल-स्विचने इंजिन बंद करून चावी तशीच ठेवणारेही आहेत. २०१७ पासून नव्या गाड्यांतलं हेडलाइटचं बटण गेलं. काही गाड्यांत चावी चालू असेपर्यंत दिवा जळतो आणि बॅटरी खातो.

तारवट्याच्या घरी शेजारचा मुलगा रोज दोन मिनिटं गाडी चालू करून ठेवतो, त्यात प्रेम असतं, फायदा नसतो. सेल्फने खाल्लेली वीज तेवढ्या आयडलिंगमध्ये, तेही हेडलाइट जळत असताना, भरून येत नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ते वेगळंच. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा वीस मिनिटं रस्त्यावर न्यावी. तेही जमणार नसेल, तर जहाजावर जाण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. दहा नंबरच्या पान्याचं काम आहे.