एसव्हीजी लावूनही व्होल्टेज पडतंय? आधी सीटी बघा

शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या असोत की इचलकरंजीचे लूमवाले, आमचं एसव्हीजी (व्होल्टेज सावरणारं मशीन) बसवलं की आम्हाला येणारा फोन एकच: "तुमचं मशीन चालू केलं की व्होल्टेज आणखी उतरतं." बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं आणि सीटी (लाइनचा करंट मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर) उलटा बसलेला असतो.

जुन्या कॉन्टॅक्टरवाल्या कपॅसिटर पॅनेलमध्ये ही चूक महिनाअखेर बिलात दिसायची. आमचं कंट्रोल प्रेडिक्टिव्ह आहे. मशीनच्या ब्रिजमधले आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) आठच प्रकारे चालू-बंद करता येतात. दर 50 मायक्रोसेकंदाला कंट्रोलर या आठांचा हिशेब आधीच मांडतो आणि पुढच्या क्षणी करंट हवा तिथे नेणारा प्रकार निवडतो. वेल्डिंगचा झटका लगेच आवरतो तो त्यामुळेच. पण हिशेब सगळा सीटीच्या आकड्यावर. सीटी उलटा असेल तर लोडला हवे असलेले केव्हीएआर (रिअॅक्टिव्ह, म्हणजे प्रत्यक्ष काम न करणारी पॉवर) मशीन द्यायच्या ऐवजी ओढतं, तेही तितक्याच चपळाईने.

तपासणी सोपी आहे. मशीन स्टँडबायवर ठेवा, नेहमीचा लोड चालू द्या आणि डिस्प्लेवर तिन्ही फेजचे किलोवॅट बघा. तिन्ही अधिक आणि साधारण सारखे हवेत. एकच फेज उणे असेल तर त्या सीटीची पी1 खुणेची बाजू ट्रान्सफॉर्मरकडे नाही, किंवा एस1-एस2 या सेकंडरीच्या (आउटपुटच्या) टोकांच्या वायरी उलट्या आहेत. एक फेज बरीच उणे आणि दुसरी शून्याच्या आसपास असेल तर दोन फेजचे सीटी अदलाबदल झालेत. छतावर सोलर असेल तर हे संध्याकाळी बघा. दुपारी वीज बाहेर जात असताना उणे आकडा बरोबरच असतो.

वायरी बदलायच्या त्या सप्लाय बंद करूनच. चालू लाइनवर सीटीचं सेकंडरी उघडं राहिलं तर तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. हे काम वायरमनलाच करू द्या.

आता अपेक्षेबद्दल. 250 केव्हीएचा, 4.5 टक्के इम्पिडन्सचा (अंतर्गत विरोधाचा) ट्रान्सफॉर्मर असेल तर 100 केव्हीएआरने त्यावर साधारण 1.8 टक्के, म्हणजे सात-आठ व्होल्ट मिळतात. फीडर लांब असेल तर थोडे जास्त. 380 चे 415 होणार नाहीत. कायमच व्होल्टेज कमी असेल तर आधी ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) बदलून घ्या, त्याला आमच्या मशीनची गरज नाही. दिवसभर हलणाऱ्या व्होल्टेजसाठी मात्र आहे. आणि व्होल्टेज मोडवर केव्हीएआर वाट्टेल तितके वाढवू नका. केव्हीएआर गरजेपेक्षा जास्त होऊन पॉवर फॅक्टर लीडिंगला गेला तर केव्हीएएच बिलात (रिअॅक्टिव्ह पॉवरही धरणाऱ्या) तोही मोजला जातो.

ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटचा फोटो आम्ही दरवेळी मागतो म्हणून काही जण वैतागतात. वरचा हिशेब त्याशिवाय होत नाही.

माणूस पाठवण्याआधी डिस्प्लेचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवतो. बरेचदा काम फोनवरच मिटतं, तुमची शिफ्ट वाचते. सीटी उलटा निघाला तर वॉरंटीतही व्हिजिट चार्ज लागतो. एएमसी (वार्षिक देखभाल करार) घेतलेल्यांना लागत नाही. त्यांच्याकडे सीटी आणि फिल्टरची तपासणी वार्षिक भेटीतच होते.