ज्योती याराजीच्या विक्रमामागची वीस वर्षं

29 मे 2025. दक्षिण कोरियातल्या गुमीत आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा चालली होती. त्या एका दिवशी भारताला अडथळ्यांच्या दोन शर्यतींत सुवर्ण मिळालं. एक आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं, 3000 मीटर स्टीपलचेसमधलं. बीडमध्ये त्याच्याविषयी कुणाला सांगायला नको. दुसरं विशाखापट्टणमच्या ज्योती याराजीचं, 100 मीटर अडथळा शर्यतीतलं, 12.96 सेकंदांत. तिची मागची हकिकत आपल्याकडच्या पोरींना ठाऊक असायला हवी.

स्टीपलचेसच्या अडथळ्यावर पाय ठेवून पलीकडं जाता येतं. ज्योतीच्या शर्यतीत तसं जमत नाही. 83.8 सेंटिमीटर उंचीचे दहा अडथळे, दोहोंत साडेआठ मीटर अंतर आणि तेवढ्यात तीनच पावलं. चौथ्या अडथळ्याला पाऊल वीतभर चुकलं की पुढचे सगळे बिघडतात.

या शर्यतीत अनुराधा बिस्वालनं 2002 मध्ये 13.38 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. तो जवळपास वीस वर्षं टिकला. ज्योतीचे वडील सुरक्षारक्षक, आई धुणीभांडी आणि दवाखान्यात साफसफाई करणारी. 2020 मध्ये मूडबिद्रीच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत ती 13.03 सेकंदांत धावली. तिथं उत्तेजक चाचणी झाली नव्हती, महासंघाचा तांत्रिक प्रतिनिधीही हजर नव्हता. विक्रम धरला गेला नाही. एप्रिल 2022, कोझिकोड : 13.09. पाठीमागचा वारा सेकंदाला 2 मीटरपर्यंत चालतो, तो 2.1 भरला. पुन्हा नाही! पुढच्याच महिन्यात सायप्रसमधल्या लिमासोलला 13.23 ची नोंद झाली आणि अखेर विक्रम तिच्या नावावर आला. म्हणजे आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा सावकाश धावून. मला तिच्या कारकिर्दीतला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो. आपल्याकडं तालुक्याच्या मैदानावर फक्कीनं रेषा मारतात, वेळ हातातल्या स्टॉपवॉचवर घेतात. वाराही मोजायचा असतो हे पुष्कळ पोरींच्या कानावर आलेलं नसतं.

त्यानंतर गाडी थांबली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये बेंगळुरूला 12.82, पुढच्या ऑगस्टमध्ये चेंगडूला 12.78. हांगझोऊच्या आशियाई खेळांत चुकीच्या सुरुवातीवरून, म्हणजे इशाऱ्याआधी कोण सुटलं यावरून, वाद झाला, ती निषेध नोंदवून धावली, तिसरी आली आणि चीनची वू यानी बाद झाल्यावर रौप्य तिला मिळालं. 2024 मध्ये पॅरिसला या शर्यतीत उतरलेली ती पहिली भारतीय ऑलिंपियन ठरली.

400 मीटर अडथळा शर्यतीची वाट मात्र जुनी आहे. एम. डी. वलसम्मानं 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांत सुवर्ण जिंकलं, तर 1984 मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं. तिच्या 55.42 ची बरोबरी व्हायला 2023 उजाडलं. ती विद्या रामराजनं केली.

गुमीनंतर जुलैत साबळे मोनॅकोच्या शर्यतीत पडला, ज्योतीला सरावात इजा झाली. दोघांच्याही गुडघ्याचा अस्थिबंध गेला. अडथळ्यावरून उतरताना सगळं अंग एकाच पायावर येतं.