इलमॅटिक

इलमॅटिक : अमेरिकन रॅपर नॅस (मूळ नाव नासिर बिन ओलू दारा जोन्स, जन्म 14 सप्टेंबर 1973) यांचा पहिला स्टुडिओ अल्बम. कोलंबिया रेकॉर्ड्सने तो 19 एप्रिल 1994 रोजी प्रकाशित केला. प्रास्ताविक धरून 10 ध्वनिमुद्रणे आणि जेमतेम 40 मिनिटांचा कालावधी, एवढाच त्याचा विस्तार आहे.

नॅस यांचे बालपण न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागातील क्वीन्सब्रिज येथे गेले. 1939 मध्ये वसलेली ही 96 इमारतींची सार्वजनिक गृहवसाहत उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठी मानली जाते. 1980 च्या दशकात निर्माते मार्ली मार्ल, रॅपर एमसी शॅन आदींनी तिला हिप-हॉपच्या, म्हणजे रॅप ज्याचा भाग आहे त्या संगीतप्रवाहाच्या, नकाशावर आणले. त्याच काळात क्रॅक कोकेनच्या व्यापाराने तिला पोखरले. वडील ओलू दारा हे जॅझमधील कॉर्नेट (ट्रंपेटसारखे सुषिर वाद्य) वादक. नॅस यांनी आठवीनंतर शाळा सोडली. 1991 मध्ये मेन सोर्स या गटाच्या ‘लाइव्ह ॲट द बार्बेक्यू’मधील एका कडव्याने त्यांच्याकडे लक्ष वेधले गेले, आणि रॅपर एमसी सर्च यांच्या मध्यस्थीने कोलंबियाशी करार झाला.

शीर्षकाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘इल’ म्हणजे आजारी. हिप-हॉपच्या बोलीत अर्थ उलटून ‘अफलातून’. ‘मॅटिक’ हे ‘ऑटोमॅटिक’चे शेपूट, इतपत एकमत दिसते. मात्र शब्द कोणाचा, याविषयी किमान दोन मते आहेत. नॅस यांनी ‘अफलातूनच्याही पलीकडले’ असा अर्थ सांगितला असून तुरुंगात असलेल्या ‘इलमॅटिक आइस’ या मित्राच्या टोपणनावाशीही शीर्षकाचा संबंध जोडला आहे. दुसरे मत असे, की क्वीन्सब्रिजचेच रॅपर ट्रॅजेडी यांनी मार्ली मार्ल यांच्या 1988 च्या ‘इन कंट्रोल, व्हॉल्यूम 1’ या अल्बममधील ‘द रेबेल’मध्ये हा शब्द आधीच वापरला होता. दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. शब्द वसतीच्या तोंडी रुळलेला असावा, टोपणनाव आणि गीत या त्याच्या दोन खुणा असाव्यात, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नॅस यांनी 2001 मधील अल्बमला ‘स्टिलमॅटिक’ हे नाव देऊन तो प्रत्यय पुन्हा वापरला.

संगीतरचनेत डीजे प्रीमियर, लार्ज प्रोफेसर, पीट रॉक, क्यू-टिप आणि एल.ई.एस. यांचा सहभाग होता. तोवर रॅपचा अल्बम बहुधा एकाच निर्मात्याच्या वा गटाच्या हातचा असे. नामवंत निर्माते एकत्र आणण्याची पुढे पडलेली रीत येथून सुरू झाली, असे सामान्यतः मानतात. तरीही येथे सूर विस्कळीत होत नाही, कारण बहुतेकांचा कच्चा माल एकच आहे : जुन्या जॅझ व सोल तबकड्यांतून उचललेले तुकडे. ‘द वर्ल्ड इज युअर्स’मध्ये अहमद जमाल यांचा पियानो, ‘वन लव्ह’मध्ये हीथ ब्रदर्स, ‘इट एन्ट हार्ड टू टेल’मध्ये मायकेल जॅक्सन यांचे ‘ह्यूमन नेचर’. ‘लाइफ्स अ बिच’च्या शेवटी मात्र ओलू दारा स्वतः कॉर्नेट वाजवतात, तबकडीवरच्या जॅझमध्ये बापाचा जिवंत श्वास मिसळतो, आणि हा या अल्बममधील सर्वांत हृद्य क्षण आहे. त्याच गीतातील एझी हे एकमेव पाहुणे रॅपर.

पद्यरचनेत नॅस आधीच्या पिढीतील रॅपर राकिम यांचे ऋणी आहेत. ओळीच्या पोटातले यमक आणि ओळ संपली तरी न संपणारे वाक्य ही दोन्ही साधने राकिम यांनी रुजवली होती. नॅस यांनी ती दृश्यवर्णनाला जुंपली. ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’च्या आरंभी सुरुवात कशी करावी ते कळत नसल्याचे ते पुटपुटतात आणि लगेच लांबलचक कडवे सुरू होते. ते एकाच दमात ध्वनिमुद्रित झाल्याचे प्रीमियर सांगतात. ‘वन लव्ह’ हे तुरुंगातील मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे. अखेरीस बाकावर भेटणारा 12 वर्षांचा अमली पदार्थ विकणारा मुलगा कोणताही उपदेश न करता सारे सांगून जातो. 1992 मध्ये मारला गेलेला बालमित्र इल विल याची सावली अल्बमभर आहे.

मुखपृष्ठावर सुमारे 7 वर्षांच्या नॅस यांचा चेहरा क्वीन्सब्रिजच्या रस्त्यावर उमटवला आहे. त्याच वर्षी आलेल्या द नटोरियस बी.आय.जी. यांच्या ‘रेडी टू डाय’ या अल्बमवरही बालक आल्याने त्यांच्यावर अनुकरणाचा आरोप झाला. मात्र ‘इलमॅटिक’चेही हॉवर्ड हँगर ट्रिओ या जॅझ गटाच्या 1974 च्या मुखपृष्ठाशी साम्य दाखवले जाते.

‘द सोर्स’ या हिप-हॉप मासिकात मिन्या ओ यांनी ‘शॉर्टी’ या टोपणनावाने पूर्ण 5 माइक, म्हणजे सर्वोच्च गुण, दिले. नवोदिताला हा मान मिळाल्याने बरीच चर्चा झाली. विक्री त्या मानाने बेताची होती : पहिल्या आठवड्यात सुमारे 60 हजार प्रती आणि बिलबोर्ड 200 या अमेरिकेतील अल्बमविक्रीच्या सूचीत 12 वे स्थान. काही महिन्यांपूर्वीच स्नूप डॉगी डॉग यांचा ‘डॉगीस्टाइल’ पहिल्याच आठवड्यात 8 लाखांवर खपला होता. अधिकृत प्रकाशनाआधी पसरलेल्या चोरट्या प्रतींना काही जण दोष देतात. विक्रीचे सुवर्ण मानांकन 1996 मध्ये, त्यावरचे प्लॅटिनम 2001 मध्ये मिळाले. रोलिंग स्टोनच्या सर्वश्रेष्ठ 500 अल्बमांच्या यादीत 2003 मध्ये तो 400 वा होता, 2020 मध्ये 44 वा. ‘प्रकाशित होताच अभिजात ठरला’ हे प्रचलित विधान म्हणूनच समीक्षकांच्या एका वर्तुळापुरते खरे मानावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील, म्हणजे मुख्यतः न्यूयॉर्कच्या, रॅपच्या पुनरुत्थानाचे सारे श्रेयही त्याला देता येत नाही. न्यूयॉर्कच्याच वू-टँग क्लॅन या गटाचा पहिला अल्बम नोव्हेंबर 1993 मध्येच आला होता.

2013 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नॅस यांच्या नावे हिप-हॉप अध्ययनवृत्ती स्थापन झाली, आणि 2021 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा अल्बम राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतल्याचे जाहीर केले. मुंबईशी नॅस यांचा संबंध उत्तरकालीन आहे : 2019 मध्ये त्यांनी अंधेरीचे रॅपर डिव्हाइन यांच्यासह ‘एनवाय से मुंबई’ हे गीत केले, आणि त्याच वर्षी डिव्हाइन यांचा ‘कोहिनूर’ हा पहिला अल्बम नॅस यांच्याशी संबंधित मास अपील इंडियातर्फे प्रकाशित झाला.