सिल्व्हरस्टोनचं मूळ धावपट्टी नाही

इंग्लंडमधलं मोटार शर्यतींचं सिल्व्हरस्टोन सर्किट म्हणजे जुनी विमानाची धावपट्टी, आणि फॉर्म्युला वनची पहिली विश्वविजेतेपद शर्यत त्याच धावपट्टीवर झाली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यातला विमानतळ खरा, धावपट्टी मात्र खरी नाही.

1943 मध्ये सुरू झालेल्या या तळावर वेलिंग्टन बॉम्बरच्या वैमानिकांचं प्रशिक्षण चाले. तीन धावपट्ट्या एकमेकींना छेदत त्रिकोण करत, आणि त्यांची टोकं जोडणारा रस्ता संपूर्ण मैदानाभोवती फिरे. विमानं आपल्या जागेवरून धावपट्टीच्या टोकाशी न्यायची ती याच रस्त्याने. आजच्या सर्किटचं मूळ हा कडेचा रस्ता आहे. 'हँगर स्ट्रेट' हा लांब पट्टाही त्याचाच भाग. नाव पडलं ते शेजारच्या हँगरांमुळे, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडांमुळे.

धावपट्ट्या वापरल्याच नाहीत का? वापरल्या, पण 2 ऑक्टोबर 1948 च्या ग्रां प्रीला, म्हणजे मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतीला. गाड्या कडेच्या रस्त्यावरून आत वळून धावपट्टीवर येत आणि मैदानाच्या मध्याकडे समोरासमोर सुसाट धावत. मार्ग आखलेला तो गवताच्या गठ्ठ्यांनी! वाचतानाही काळजात धस्स होतं. ती शर्यत लुइजी व्हिलोरेसीने मासेरातीतून जिंकली. पुढच्याच वर्षी ही रचना सोडून मुख्य शर्यत कडेच्या रस्त्यावर आली.

म्हणून 13 मे 1950 ला जुझेप्पे फरिनाने अल्फा रोमिओतून जिंकलेली विश्वविजेतेपदाची पहिली शर्यत धावपट्टीवर झालेली नाही.